पाण्याची कॅसेट

“कॅसेट रिवाइंड करून आणायची असते. पाटी दिसत न्हाई का?”

विरूपाक्षचं माझ्याशी पहिलं बोलणं हे असं. ना नमस्कार, ना या-बसा! लातूर नुकतंच जिल्हा झालं होतं, म्हणून हा चाकूरहून येऊन गंजगोलाईच्या बाजाराजवळ व्हिडिओ कॅसेटचं दुकान टाकून बसला होता. दुकान हातभर, पाटी मात्र दारापेक्षा मोठी.

“दिसते की,” मी म्हणाले. “पण आमच्या गल्लीतल्या बायका पुढचा सिनेमा बघतच न्हाईत.”

“का बरं?”

“पुढं पाणी न्हाई ना...”

तो हसला. मान खाली घालून, गालातल्या गालात. झालं! माझी पंचाईत तिथंच सुरू झाली.

सिनेमाचं नाव ‘आठ माणसं, एक जीप’. टॉकीजमध्ये आठवडाभर कसाबसा टिकला होता. एक कुटुंब सहलीला निघतं, काका दर घाटात ओकतो, आत्या दर वळणावर देव आठवते... विनोद बेताचेच. पण कॅसेट निघाली आणि आमच्या गल्लीत तिच्यावर उड्या पडल्या. कारण मधोमध ती जीप एका धबधब्यापाशी बंद पडते आणि सगळे कपड्यांसकट पाण्यात शिरतात.

आमच्याकडं दुष्काळ. जिल्ह्याच्या पाट्या नव्या कोऱ्या, नळ मात्र खडखडीत. अप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, हौसेनं व्हीसीआर घेतला होता. दुपारी बायका रिकाम्या घागरी घेऊनच यायच्या आणि टँकरची वाट बघता बघता ते पाणी बघायच्या. शेजारच्या सरजाबाई तर पदर आवरून बसायच्या, भिजेल म्हणून! एकदा सगळ्या हसत होत्या, आणि मागून कुणीतरी हळूच म्हणालं, “किती वाया चाललंय गं...” मग कुणीच हसलं नाही.

कॅसेट आणायला आता मीच जायची.

“पाण्यापाशी रेघा यायला लागल्यात,” तो कुरकुरायचा. “बघून बघून झिजवली तुम्ही.”

“पाऊस पडायलाय समजा.”

“दुसरा सिनेमा न्या की एखादा. एवढं दुकान भरलंय.”

“दुकानात काय हाय बघण्यासारखं?”

“...दुकानदार हाय की.”

अगं बाई! मी कॅसेट न घेताच घरी आले आणि अव्वाची, आईची, बोलणी खाल्ली.

अशात सोलापूरचं स्थळ आलं. मुलगा कसा, हे कुणी विचारलंच नाही. अव्वा गल्लीभर एकच सांगत सुटली, “घरात नळ हाय! चोवीस तास!” “नीलम्मा, नशीब काढलंस!” असं सगळ्याजणी मला म्हणाल्या. सोमवारचा चांगला दिवस बघून अप्पा होकार कळवणार होते.

मी विरूपाक्षला सांगितलं. तो काउंटर पुसत राहिला. स्वच्छच होता तो.

“जाऊ का मग?” मी विचारलं.

“मी कोण सांगणारा? आमच्याकडं नळ न्हाई. आड हाय, त्यो बी आटलाय.” त्यानं कॅसेट माझ्याकडं सरकवली. माझ्याकडं बघितलं मात्र नाही. “असं करा... माझ्यासाठी थांबणार असाल तर ही पाण्यापाशीच थांबवून आणा. जाणार असाल तर रिवाइंड करून. तोंडानं बोलायला नको तुम्हाला... मला बी.”

दुसऱ्या दिवशी मी कॅसेट बरोबर धबधब्यापाशी थांबवली. तेवढ्यात ओरडा झाला, “टँकर!” टँकर म्हटल्यावर घरात कोण थांबतं? घागर घेऊन पळाले. परत आले तर मशीन रिकामं.

“सरजाबाई बाजाराला निघाल्या होत्या,” अव्वा म्हणाली. “दुकानात देते म्हणून घेऊन गेल्या.”

मी आपली मनातल्या मनात लाजत बसले. मिळालं असेल उत्तर! रविवारी सकाळी नवी ओढणी घेऊन दुकानात गेले. त्यानं वर बघितलं नाही.

“कोणती देऊ, ताई?”

ताई! घरी येऊन मी उशीत तोंड खुपसून रडले. असा कसा माणूस... विचारतो काय, आणि फिरतो काय!

दुपारी सरजाबाई आल्या, स्वतःवर खूश. “तुझी कॅसेट अर्ध्यातच होती बघ. म्या तुमच्या मशीनवरच पार सुरुवातीपर्यंत मागं फिरवून दिली. त्या पोरानं एवढी पाटी लावलीय. उगं तुला बोलला असता.”

मी उठले आणि तशीच अनवाणी पळाले.

“पाण्याची कॅसेट लावा!”

“काय झालं, ताई?”

“ताई म्हणू नका! लावा आधी.”

त्यानं दुकानातल्या टीव्हीवर लावली. पुढं पळवायचं बटण मीच दाबून धरलं. काका गेला, घाट गेला, आत्या गेली... जीप बंद पडणार, तेवढ्यात लाईट गेली. पडदा काळा.

आता तोंडानं बोलण्यावाचून इलाज नव्हता.

“सरजाबाईनं रिवाइंड केली, मी न्हाई! मी पाण्यापाशीच थांबवली होती.” मला रडू आवरेना. “थांबणार हाय मी तुमच्यासाठी. लई आवडता तुम्ही मला. कळलं? आणि ती पाटी काढून टाका आधी!”

त्याचेही डोळे भरले होते.

“पण नीला... नळ...”

“आग लागो त्या नळाला!”

तेव्हा कुठं तो हसला. या खेपेला मान खाली घालून नाही. “संध्याकाळी अप्पांना भेटायला येतो,” म्हणाला.

“नक्की या... उद्या सोमवार हाय.”

घरी अव्वा ज्वारी निवडत होती. मी तिच्यापुढं बसले आणि सगळं सांगून टाकलं. तिनं सूप बाजूला ठेवलं.

“अगं पोरी, तिथं नळ हाय गं...”

“हाय, अव्वा. पण माणूस इथं हाय.”

लग्न होऊन आल्यापासून तीही पाणीच भरत आली होती. मग उठली, कोपऱ्यातली मोठी घागर आणली आणि माझ्या कमरेवर ठेवली.

“अप्पांशी मी बोलते,” ती म्हणाली. “तू ही धर. आता जन्मभर उचलायचीय.”