वाराफितीतला आडोसा

रोपवाटिकेत ट्रेंना पाणी सोडताना शर्वरीला पुन्हा तोच पट्टा दिसला. भिंतीतल्या पंख्यांसमोर हिरड्याची रोपं रांगेनं उभी होती. बुटकी, जाड खोडाची, अंगानं भरलेली. मधोमध मात्र माणूसभर रुंदीच्या पट्ट्यात सगळी उंच, फिकट, दोऱ्यासारखी. हात लावला की मान टाकत होती.

"लाडावलीत नुसती," तिची सहकारी रेहाना म्हणाली. "पठारावर लावायला नेली की पहिल्याच दिवशी कंबर मोडून घेतील. पंखे तर सगळे नीट चालतायत, ताई. मी कालच तपासलेत."

शर्वरी "हं" म्हणाली. हल्ली ती बहुतेक गोष्टींना हंच म्हणायची. नवरा गेल्यावर तेरावं उरकून ती कामावर हजर झाली, ती झालीच. लोक म्हणत, बाई मोठी धीराची. धीर कसला आलाय! दात काढायच्या आधी सुई टोचली की गाल जसा आपला वाटत नाही, तसं तिला सगळंच वाटायचं.

छपराखाली वाढलेली रोपं उघड्यावर टिकत नाहीत, हे जुनंच दुखणं. त्यावरचा नवा उपाय म्हणजे वाराफीत. ध्वनिफितीत आवाज साठवतात, तसा हिच्यात वारा. जिथं रोपं लावायची तिथं एक भलीमोठी जाळी उभी करायची. तिच्या प्रत्येक गाठीत वाऱ्याचा जोर मोजणारा संवेदक. इथं भिंतीत तितकेच पंखे. तिथल्या गाठीला जेवढा वारा लागला, तेवढाच इथला पंखा सोडणार. रोपं झोडपून निघतात, खोडं जाड होतात, मग बाहेर नेली तरी डगमगत नाहीत. ही रोपं जायची होती त्या पठाराचा वारा पुष्करनं, शर्वरीच्या नवऱ्यानं, वर्षभर पत्र्याच्या खोलीत एकट्यानं राहून गोळा केला होता. काम संपवून परत येताना घाटात त्याची मोटारसायकल घसरली.

"मग खोट फितीतच असणार," शर्वरी म्हणाली आणि तिनं पडद्यावर वाऱ्याचं चित्र लावलं. जोराचा वारा लाल, पडलेला निळा. लाल भिंतीच्या मधोमध एक निळा आकार उमटला. डोकं, खांदे, आणि कानाशी दुमडलेल्या हाताचं कोपर.

"कुणीतरी जाळीपुढं उभं आहे," रेहाना हळूच म्हणाली. "फोनवर बोलतंय."

"पुष्करच. रेंज तेवढ्याच जागी यायची," शर्वरी म्हणाली.

जाळीपुढं उभं राहायचं नाही, हा नियम पुष्करनंच केलेला. आणि संध्याकाळी वारा सुटला की हे महाशय नेमके तिथंच! फितीत फक्त जोराचा वारा ठेवला होता, म्हणजे बहुतेक संध्याकाळचाच. त्यामुळे रोपांवर सगळा वेळ त्याचा आडोसा धरला गेला होता.

शर्वरीनं फितीतली शेवटची संध्याकाळ पडद्यावर लावली. त्या संध्याकाळचा फोन तिला पाठ होता. 'वाऱ्यात काही ऐकू येत नाहीये, ठेवते,' असं वैतागून म्हणत तिनं ठेवला होता. गॅसवर भाजी लागत होती. पडद्यावर कोपर खाली आलं. माणूस मात्र हलला नाही. वारा पडेपर्यंत निळा आकार तसाच उभा राहिला. कशासाठी? ती पुन्हा फोन करील म्हणून, की आपला उगाच, सूर्य बुडताना बघत? तिला रडू यायला हवं होतं. आलं नाही.

"आजूबाजूच्या वाऱ्यावरून मधली जागा भरता येते," रेहाना चाचरत म्हणाली. "जुन्या फितीची प्रत राहील, ताई. पण या भिंतीतून यापुढं भरलेलाच वारा सुटेल."

"भर. रोपं मोडली तर त्याचं वर्ष फुकट जाईल." मग ती म्हणाली, "त्याआधी एकदा आहे तशी लाव."

पट्ट्यातले ट्रे तिनं मागं सरकवले आणि त्यांच्या जागी स्वतः उभी राहिली. पंखे सुरू झाले. दोन्ही बाजूंना ओढणीची टोकं फडफडू लागली. छातीला मात्र साधी झुळूकही लागली नाही. त्याच्या पाठीमागं इतक्या जवळ ती कितीतरी महिन्यांत उभी राहिली नव्हती.

"भरू?" रेहानानं विचारलं. शर्वरीनं मान डोलावली.

मधले पंखे एकदम सुरू झाले. वारा सरळ छातीवर आला, डोळ्यांतून पाणी काढत. तिला थंडी वाजू लागली. इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच तिला काहीतरी लागलं, आणि ते सोसवेना. तरी ती जागची हलली नाही. तिच्या मागं ती फिकट रोपं पानही न हलवता उभी होती.

रेहाना बराच वेळ थांबली. मग जवळ येऊन म्हणाली, "ताई, मागच्यांना वारा लागत नाहीये. जरा बाजूला होताय का?"