फाटकावरचं नाव

"चेंडू गेला, हॅस्केलसाहेब! माझा चेंडू गेला!"

म्हातारा एझ्रा पॉम्फ्रेट दारातूनच ओरडला. ओहायोतल्या आमच्या गावच्या बेसबॉल संघाचा हा एकेकाळचा पिचर, म्हणजे चेंडू फेकणारा. तीस वर्षांपूर्वी एका सामन्यात त्याने समोरच्यांचा एकही गडी पहिल्या बेसपर्यंत पोचू दिला नव्हता. आज संध्याकाळी नव्या मैदानाच्या फाटकाला त्याचं नाव द्यायचं होतं आणि पुरावा म्हणून उरला होता तो त्या सामन्याचा चेंडू.

"वर्तमानपत्राची कचेरी जळाली, बहुतेक सोबती गेले. आता तो वेंडेल क्रॅब म्हणतोय, सामना त्यानेच जिंकून दिला!"

"चेंडू शेवटचा कधी पाहिलात?" गुप्तहेर ऑरिन हॅस्केलने विचारलं.

"काल संध्याकाळी. क्लबात एकटाच होतो. फळीवर ठेवताना हातातून पडला, शिवण उसवली. म्हटलं, सकाळी टाका घालू. सकाळी बघतो तर फळी रिकामी! उसवल्याचं तुम्हालाच पहिल्यांदा सांगतोय."

"म्हणजे चोर गावातलाच," हॅस्केलचा मित्र बर्ट गंभीरपणे म्हणाला.

"वा! मला वाटलं लंडनहून आला," हॅस्केल म्हणाला.

क्रॅबही त्याच संघात होता. आता गुत्ता चालवायचा. हॅस्केल आणि बर्ट तिथे पोचले, तेव्हा त्याने कपाटातून पांढराशुभ्र चेंडू काढला. त्यावर शाईने तारीख आणि त्याचं स्वतःचं नाव.

"त्या सामन्याचा चेंडू हा! तेव्हापासून जपलाय. एझ्राच्या त्या उसवलेल्या काळ्या बटाट्यावर कोण विश्वास ठेवणार?"

मग दोघे ऑगस्ट क्लाऊझरकडे गेले. एझ्राचे चेंडू उघड्या हातांनी झेलून त्याची बोटं वाकडी झाली होती. आता डोळेही गेले होते.

"सामना एझ्रानेच जिंकून दिला हो! पण फाटकाचं नाव ठरवणारे समितीवाले म्हणतात, आजोबा, तुम्हाला कालचं जेवण आठवत नाही. तेव्हा सामन्याला एकच चेंडू असायचा. गवतात हरवला की दोन्ही संघ गुडघ्यांवर बसून शोधायचे."

संध्याकाळी फाटकापाशी गाव जमला. हॅस्केलने क्रॅबचा चेंडू क्लाऊझरच्या हातात दिला.

"दाबून बघा."

"छे! हा तर कडक आहे. कोरा!"

"ऐकलंत? एकाच चेंडूला सबंध सामनाभर बडवलं, तर तो काळा पडतो, मऊ पडतो. हा सामना खेळलेलाच नाही."

"असेल!" क्रॅब फिस्कारला. "पण म्हणून मी चोर?"

"एझ्राचा चेंडू काल संध्याकाळी उसवला. त्याच्याशिवाय ते कुणी पाहिलं नव्हतं. मग गुत्त्यात तुम्ही त्याला 'उसवलेला' कसं म्हणालात?"

"अरेच्चा!" बर्ट म्हणाला. "मीही ऐकलं होतं की!"

क्रॅबचा हात नकळत कोटाच्या खिशाकडे गेला. गावकऱ्यांनी तो खिसा रिकामा करायला लावला.

क्लाऊझरने त्यातून निघालेला जुना चेंडू घेतला. अंगठा आत रुतला आणि म्हाताऱ्याचा चेहरा खुलला.

"हाच तो! यानेच हे बोट मोडलं. आणि हा एझ्रा गाढव, जिंकूनसुद्धा माझ्या उशाशी बसून रडत होता."

डोळे पुसत एझ्रा फाटकावर नाव लिहायला आलेल्या रंगाऱ्याकडे वळला.

"दोन नावं लिही. मी नुसता फेकत होतो. झेलत हा होता."

"बरं. आधी कुणाचं लिहू?"

"त्याचं," दोघे म्हातारे एकदम म्हणाले.