रेवडी आत, बत्तासा बाहेर

उंदरांच्या जोडीतल्या एकाला हलवायचं असेल तर दुसऱ्यालाही हलव, असं नजमाआपांनी मृदुलाला घुमटात आल्या आल्याच बजावलं होतं. मृदुलाने "हो, हो" म्हणून मान डोलावली आणि पुढच्या कामाला लागली. त्या वेळी तिच्या डोक्यात हवेच्या गाळण्या होत्या, पाण्याच्या टाक्या होत्या आणि शाल्मलीचा रात्रभर चाललेला खोकला होता. उंदरांना सोबत आहे की नाही हे बघायला तिला सवड कुठली?

तोरणमाळच्या पठारावर हा काचेचा घुमट उभारला होता तो एका रंगीत तालमीसाठी. मंगळावर वस्ती करायची, तर माणसं बंद जागेत वर्षभर धड राहू शकतात का, हे आधी पृथ्वीवरच बघायला हवं होतं. म्हणून काही कुटुंबं आत राहायला आली आणि घुमटाचं दार बंद झालं. मृदुला इथली आरोग्यप्रमुख. शाल्मली तिची नऊ वर्षांची मुलगी. आणि नजमा तडवी या मेंदूचा अभ्यास करणाऱ्या शास्त्रज्ञ. त्यांना आख्खा घुमट आपाच म्हणायचा.

बंद घुमटात साधी शिंकसुद्धा साधी नसते. तीच तीच हवा सगळ्यांच्या नाकातून फिरते. त्यामुळे मृदुलाने एक नियम घालून दिला होता. जो शिंकेल किंवा खोकेल, त्याने मुकाट्याने वेगळ्या खोलीत जायचं आणि लागोपाठ दोन तपासण्या निर्दोष आल्याशिवाय बाहेर यायचं नाही. जेवण झडपेतून आत. शाल्मलीसुद्धा एकदा तिथे राहून आली होती आणि बाहेर आल्यावर आईशी दिवसभर बोलली नव्हती.

आपांच्या प्रयोगशाळेत वोल होते. वोल म्हणजे आखूड शेपटीचा, गुबगुबीत, उंदराच्या नात्यातला प्राणी. हे वोल मूळचे उत्तर अमेरिकेतल्या गवताळ मैदानांतले. बत्तासा आणि रेवडी ही त्यांच्यातली जुनी जोडी. झोपणं, खाणं, बीळ उकरणं, सगळं एकमेकांना चिकटून. एके सकाळी रेवडी शिंकली. नियम माणसांसाठी केलेला होता, पण मृदुलाने तो रेवडीलाही लावला. शाल्मली रोज त्या पिंजऱ्याला नाक लावून बसायची, हे तिला ठाऊक होतं. रेवडी वेगळ्या खोलीत गेली.

त्यानंतर बत्तासा कोपऱ्यात बसला तो बसलाच.

ही बातमी बंडोपंत नावाच्या यंत्रमानवाने आणली. प्राण्यांची देखभाल त्याच्याकडे होती. त्याला मराठी शिकवताना कुणीतरी सरकारी परिपत्रकांचा गठ्ठाच्या गठ्ठा वाचायला दिला होता, आणि त्याचा परिणाम काही केल्या जात नव्हता.

"आरोग्यप्रमुख महोदया, सदर उंदीर अन्नग्रहण करीत नाही," तो म्हणाला. "सदर उंदराचे वजन घटत असल्याचे निदर्शनास आले आहे. उचित कार्यवाही व्हावी."

मृदुलाने बत्ताशाला तपासलं. ताप नाही, जखम नाही, पोट साफ. तोंडाजवळ बिटाचा तुकडा धरला तर त्याने तो हुंगलासुद्धा नाही. काहीच झालेलं नसताना धडधाकट प्राणी खाणं का सोडेल? इवल्या शरीरात साठवून ठेवलेलं फारसं काही नसतं. असा प्राणी फार तग धरणार नाही, हे तिला कळत होतं. शाल्मलीलाही कळत होतं. ती पिंजऱ्याशेजारी उकिडवी बसली होती.

कंटाळला असेल, असं मृदुलाला वाटलं. तिने दुसऱ्या पिंजऱ्यातला एक तरुण वोल आणून बत्ताशाशेजारी सोडला. इतका वेळ दगडासारखा बसलेला बत्तासा एकदम ताठ झाला, दात विचकून त्या बिचाऱ्याच्या अंगावर धावून गेला. बंडोपंताने पाहुण्याला वेळीच उचललं म्हणून त्याचा कान वाचला.

तेवढ्यात आपा आल्या. पाहुण्या वोलकडे पाहून त्यांनी झाला प्रकार ओळखला. मृदुलाला वाटलं, आता बोलणी खावी लागणार. पण आपा स्टूल ओढून शाल्मलीजवळ बसल्या आणि तिलाच विचारू लागल्या, की घुमटात सकाळी सूचना होते ती तुला कुठे कुठे ऐकू येते? शाल्मली म्हणाली, जिथे जिथे कर्णा लावलाय तिथे. स्वयंपाकघरात येते, वर्गात येते, न्हाणीघरात नाही येत.

"सूचना मात्र एकच ना?" आपा म्हणाल्या. "मेंदूतही तसंच चालतं."

मग त्यांनी सावकाश सांगितलं. आपल्या शरीरात संप्रेरकं तयार होतात (शरीराने एका ठिकाणी बनवून रक्तातून दुसरीकडे पाठवलेले रासायनिक निरोप). त्यांतलं एक ऑक्सिटोसिन. बाळ जन्मताना आणि आईला दूध येताना ते कामी येतं, आणि मेंदूच्या आतही तेच रसायन निरोप्याचं काम करतं. त्याच्यासारखंच दुसरं व्हासोप्रेसिन. पण निरोप निघाला म्हणजे तो सगळीकडे ऐकू जातो असं नाही. ज्या पेशींवर त्या निरोपाचा ग्राही असतो (निरोप ओळखून पकडणारा पेशीचा भाग), त्यांनाच तो कळतो. ग्राही म्हणजे आपला कर्णा.

"या मैदानी वोलचा एक डोंगरी भाऊबंद आहे," आपा पुढे म्हणाल्या. "दिसायला जवळपास असाच. मेंदूत रसायनंही तीच. पण तो एकटा राहतो, जोडीबिडीच्या भानगडीत पडत नाही. का असेल?"

शाल्मलीने क्षणभर विचार केला. "त्याचे कर्णे दुसऱ्याच खोल्यांत बसवलेत?"

"बरोबर. या मैदानी वोलच्या मेंदूत एक जागा आहे, काही आवडलं की 'पुन्हा हवं' असं वाटायला लावणारी. तिथे याचे ग्राही भरपूर. डोंगरी वोलचे तिथे अगदी थोडे. म्हणून बत्ताशाच्या मेंदूत 'आवडलं' आणि 'रेवडीचा वास' या दोन गोष्टी एकमेकींना जोडल्या गेल्यात."

मृदुला इतका वेळ हाताची घडी घालून ऐकत होती. तिला राहवलं नाही. एवढं प्रेमळ रसायन असेल तर तो पाहुण्यावर का धावून गेला, असं तिने विचारलं.

आपा हसल्या. प्रेमळ-बिमळ रसायन असं काही नसतं, त्या म्हणाल्या. जोडी जमली की व्हासोप्रेसिनसारखे निरोप नराला आपल्या माणसाची राखण करायलाही लावतात. राखण करायची म्हटलं की परका नकोसा होतो. रसायन तेच, पण ते काय घडवेल हे समोर कोण आहे आणि आधी काय घडलंय त्यावर ठरतं. शिवाय एकटं एक रसायन सगळी जोडी जमवतं असंही नाही. पुष्कळ निरोप एकमेकांत मिसळलेले असतात, आणि त्यातले कितीतरी अजून शास्त्रज्ञांनाही उलगडलेले नाहीत.

"आणि जोडीदार नाहीसा झाला की?" शाल्मलीने विचारलं.

"मेंदूत ताणाचे निरोप वाढतात. धोका आहे, धोका आहे, असे. सोबतचा प्राणी शेजारी येऊन बिलगला, अंग चाटू लागला, की ते कमी होतात. बत्ताशाला बिलगायला कुणी नाही. ताण वाढतोय आणि काही हवंसं वाटणं मंदावलंय. त्याला बीट दिसतं, नकोसं वाटतं."

मग त्याला ऑक्सिटोसिन टोचा की, शाल्मली म्हणाली. आपांनी मान हलवली. टोचलेलं औषध मेंदूत नेमकं किती पोचेल, कुठे पोचेल, किती वेळ टिकेल, याची खात्री नाही. आणि टोचून झाल्यावरही रेवडी तिथे नसणारच.

आता सगळ्यांनी मृदुलाकडे पाहिलं. वेगळ्या खोलीचं दार बंडोपंत फक्त तिच्या सांगण्यावरून उघडायचा. रेवडीची पहिली तपासणी निर्दोष आली होती. आपांच्या मते ती शिंक नव्या गवताच्या धुळीची होती. पण दुसरी तपासणी व्हायची होती, आणि तिच्यात जंतू निघाले तर? ते आधी याच पिंजऱ्यापाशी येतील, आणि या पिंजऱ्यापाशी कोण बसतं हे मृदुलाला दिसतच होतं. नियम आज उंदरासाठी वाकवला, तर उद्या कुणीही येऊन आपल्यासाठी वाकवायला सांगेल.

"दार उघडून रेवडीला बाहेर आणता येणार नाही," ती म्हणाली. आवाज तिला वाटला होता त्यापेक्षा कडक निघाला.

शाल्मलीचे डोळे भरले, पण ती हटली नाही. "बाहेर नको आणूस. त्याला आत पाठव ना. तुझा नियम कुणी बाहेर यायचं नाही असा आहे. आत जायचं नाही असा कुठे आहे?"

मृदुला मनात हिशेब मांडू लागली. रेवडी खरंच आजारी असेल तर बत्ताशालाही ते होईल. पण तो असा तर मरतोच आहे. आणि बाकी घुमटाला काडीचाही धोका वाढत नव्हता. तिने हे सगळं दोनदा मनात फिरवून पाहिलं. खोट सापडली नाही. शाल्मलीला दुरूनच बघावं लागेल, एवढं तिने बजावलं आणि बंडोपंताला मान डोलावली.

"प्रस्ताव मंजूर," असं म्हणत बंडोपंत बत्ताशाला घेऊन निघाला.

काचेतून त्या तिघी बघत उभ्या राहिल्या. बत्तासा आधी हललाच नाही. रेवडी आली, तिने त्याला नखशिखान्त हुंगलं आणि मानेपासून चाटायला सुरुवात केली. पुष्कळ वेळ ती चाटत राहिली. आपा हळूच म्हणाल्या, हे वोल असंच करतात, ताणाखाली असलेल्या सोबत्याला जास्त वेळ चाटतात, आणि त्यातही ऑक्सिटोसिनचा हात असतो. जेवणाच्या सुमारास बंडोपंत कळवून गेला, की सदर उंदराने बिटाचा अर्धा तुकडा संपवला असून उर्वरित तुकड्यावर कार्यवाही सुरू आहे.

शाल्मली हसत सुटली. मृदुला मात्र शेजारच्या वेगळ्या खोलीच्या काचेकडे बघत होती. तिथे पागे आजोबा होते, घुमटातले सगळ्यांत वयस्कर, पेशाने सुतार. लाकडाच्या भुशाने खोकला झाला म्हणून आत गेले होते. त्यांचं ताट रोज निम्मं परत येत होतं. तब्येतीची चौकशी यंत्रावरून व्हायची आणि ते यंत्रावरूनच 'ठीक' म्हणून कळवायचे. मृदुलाने ते 'ठीक' दर वेळी खरं मानलं होतं.

तिने आपांना विचारलं, माणसाचंही असंच असतं का? आपांनी सरळ हो म्हटलं नाही. माणूस म्हणजे मोठा उंदीर नव्हे, त्या म्हणाल्या. आपल्याला आठवणी आहेत, शब्द आहेत, 'चार दिवसांनी बाहेर येईन' हे आपल्याला समजतं. पण ही रसायनं आपल्याकडेही आहेत आणि एकटेपणाचा ताण माणसाच्या शरीरातही मोजता येतो.

मृदुलाने मुखपट्टी चढवली, हातमोजे घातले, आणि आजोबांच्या खोलीचं दार स्वतःसाठी उघडायला सांगितलं. पागे आजोबा भिंतीकडे तोंड करून पडले होते. ती खुर्ची ओढून बसली. "आजोबा, ताटातलं अर्धं कोणासाठी ठेवता हो?" तिने विचारलं. थोड्या वेळाने काचेपलीकडे उभ्या असलेल्या शाल्मलीला आतून खोकल्याने अडखळणारं हसू ऐकू आलं.

घुमटाचा नियम आता बदलला आहे. वेगळं राहायचं ते राहायचंच, पण एकट्याने नाही. मुखपट्टी लावून कुणीतरी आत बसतं, नाहीतर काचेला कान लावून गप्पा तरी होतात. मंगळावर जाणाऱ्या यानातही खोल्यांची आखणी याच विचाराने व्हावी, असं आपांनी सुचवलं आहे.

तुमच्याही ओळखीचं कुणीतरी असेल. कांजिण्या झाल्या म्हणून वर्गात न येणारं, पाय मोडून घरी बसलेलं, किंवा नुसतंच अलीकडे खाली खेळायला न उतरणारं. विचारलं की 'बरंय' एवढंच कळवणारं. आज त्याच्या घरापर्यंत जा. आत जाता येत नसेल तर दाराबाहेरून हाक मारा, आणि तो काय म्हणतो ते ऐकायला थोडा वेळ थांबा.