बासष्ट किलो

विश्वास ठेवा, नाहीतर हसा. मी डायलिसिस टेक्निशियन आहे, मोजल्याशिवाय बोलायची मला सवय नाही. सांगतेय ते घडलंय.

मंगळवार. सकाळचे सहा. युनिटमध्ये मी एकटी.

आमच्या दाराशी वजनकाटा आहे. अंगात जादा पाणी नसताना पेशंटचं जे वजन, ते ड्राय वेट. त्याच्या वर जेवढं भरेल, तेवढं पाणी मशीनने काढायचं.

मी लाइट लावला...

रिकाम्या काट्यावर आकडा होता. ६२.०

मास्तरांचं ड्राय वेट.

मास्तर आमचे जुने पेशंट, महिन्यापूर्वी गेले. शेवटच्या दिवशी काटा बासष्टच दाखवत होता, म्हणून मी पाणी जवळजवळ काढलंच नाही. "झोपलं की दम लागतो," ते म्हणाले होते. मी म्हणाले, "मास्तर, वजन बरोबर आहे."

त्यांचं मांस झडलं होतं. त्याची जागा पाण्याने घेतली होती. मला कळलंच नाही. त्याच रात्री छातीत पाणी भरून ते गेले.

मी बटण दाबलं. शून्य. वळले...

मागे श्वास ऐकू आला. ओला, घरघरता.

पुन्हा ६२.०

काट्याच्या रबरावर दोन ओले ठसे होते. सुजलेल्या पावलांचे.

"मास्तर, चूक माझीच," मी म्हणाले. "पण पेशंट यायचेत. उतरा खाली."

आकडा हलला नाही.

तेवढ्यात माझी आत्या आली. तीही आमचीच पेशंट. चपला काढून थेट त्या ठशांवर उभी राहिली.

५४.०. तिचं ड्राय वेट, बिनचूक.

"बघ, बरोब्बर. महिनाभर घास जात नाही, तरी वजन जागचं हलत नाही. आज लवकर सोड हं मला."

आणि माझ्या कानाशी...

"झोपलं की..."



"आत्या, झोपताना उशा किती घेतेस?"

"तीन. सपाट झोपलं की दम लागतो. का गं?"

मी तिची नडगी दाबली. खड्डा पडला. तसाच राहिला.

डॉक्टरांना फोन लावला. "वजन बरोबर आहे ना? मग नेहमीसारखं चालू कर."

"नाही करणार, सर. आधी येऊन हिची छाती ऐका. मग हवं तर मला कामावरून काढा."

ते आले. छाती ऐकली. आत पाणी होतं. पुढच्या काही डायलिसिसच्या वेळी थोडं थोडं जादा पाणी काढत ड्राय वेट एक्कावन्नवर आणलं. आता आत्या एका उशीवर झोपते.

बासष्ट पुन्हा दिसलं नाही.

पण परवा सकाळी लाइट लावला... काटा रिकामा...

५१.०

मी आत्याला फोन केला. "मेले नाही अजून, निघालेच आहे," ती करवादली. आल्यावर तिचे पाय दाबले, उशा विचारल्या. सगळं ठीक होतं.

मास्तर तेव्हा सावध करायला आले होते की तिला न्यायला, मला माहीत नाही.

आजही काटा ५१ दाखवत होता. आजही मी शून्याचं बटण दाबलं.

उद्याही दाबीन.