लॉइडजवळची खुर्ची

मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणारी माणसं जगात असतात. पण ती आपल्या पोटची निघावीत?

अ‍ॅग्नेस हॅनिगनचा मुलगा लॉइड तसा निघाला.

यातलं एक अक्षरही पदरचं नाही. न्यूयॉर्क. गुरुवार, अकरा नोव्हेंबर १९७१. लॉइडचा गप्पांचा शो टीव्हीवर दिसायचा रात्री साडेअकराला, पण चित्रीकरण संध्याकाळी साडेपाचलाच उरकायचं. अ‍ॅग्नेस पहिल्या रांगेत होती, पर्स मांडीवर घट्ट धरून.

आठवड्यापूर्वी त्याच स्टुडिओत मो गिटलमन वारला. म्हातारा विनोदवीर. लॉइडला पहिल्यांदा स्टेजवर उभं केलं ते त्यानंच. आणि लॉइडनं काय केलं? चार वेळा त्याला बोलावलं, चारही वेळा आत ताटकळत ठेवून शेवटी सांगितलं, "वेळ संपली, मो."

कसली वेळ संपली? चौथ्या वेळी हा सहा मिनिटं माकडाशी खेळत बसला होता. म्हाताऱ्याला आपल्यापेक्षा जास्त हशा मिळेल, ही धास्ती. आईला कळतं.

त्या दिवशी मो घरी गेलाच नाही. रंगवलेल्या तोंडानं आतल्या खोलीत बसल्या बसल्याच संपला.

आज पहिली पाहुणी एक नटी होती. मग गायक आला. रीत अशी, की नव्यानं लॉइडजवळच्या खुर्चीत बसायचं आणि आधीच्यानं सोफ्यावर सरकायचं.

नटी सरकली.

गायक मात्र खुर्ची टाळून थेट सोफ्यावर जाऊन बसला.

"का हो, खुर्ची चावते?" लॉइडनं विचारलं.

"तिथं ते बसलेत ना," गायक सहज म्हणाला.

लोक हसले. त्यांना ठरवून केलेलं वाटलं.

मग खुर्चीचं कातडं... हळूच करकरलं.

अ‍ॅग्नेसच्या नाकात वास शिरला. शिळी पावडर आणि घाम.

लॉइड पांढरा पडला. आता तरी हा नाव घेईल, चुकलो म्हणेल, असं तिला वाटलं.

त्यानं कॅमेऱ्याकडे बघून डोळा मारला.

"मो, तूच का रे? बस, बस. पण आजही वेळ नाही हं."

स्टुडिओ हशानं फुटला.

हशा ओसरला... आणि खुर्चीतून कुणीतरी घसा खाकरला.

पहिला विनोद सांगण्याआधी मो खाकरायचा, तसाच.

त्यानंतर कुणी हसलं नाही. आजही घरात कुणी घसा खाकरला, की अ‍ॅग्नेस आधी खोलीतली माणसं मोजते.

शो संपल्यावर ती स्टेजवर चढली. खुर्चीच्या पाठीवर, बुटक्या माणसाचं डोकं टेकेल तिथं, मेकअपचा तपकिरी डाग होता. ओला. लॉइडनं रुमालानं पुसला.

डाग... पुन्हा ओलावला.

"मा, हशा बघितलास?" लॉइड म्हणाला. "सोमवारी परत करू."

"सोमवारी त्याचं नाव घे आणि सगळ्यांसमोर माफी माग."

"अगं, मेलेल्याची कसली माफी? चौथी शिकलेली तू. तुला या धंद्यातलं काय कळतं?"

तो तोच रुमाल घडी करून खिशात घालत होता. अ‍ॅग्नेसनं पर्स काखेत मारली.

"भूत सभ्य आहे रे, लॉइड. अजून आपल्या पाळीची वाट बघतंय. किळस येते ती तुझी."