उल्फाच्या सहा ओळी

जुलैमध्ये शारजात कुणी चालत नाही. गाडी ते दार, दार ते गाडी, सगळे नुसते धावतात. त्या दुपारी मीही धावले. माझ्या लेकीला, मिन्हाला, काखोटीला मारलं, पांढऱ्या गाडीचं मागचं दार उघडलं, तिला बसवलं, पट्टा लावला, दोनदा ओढून पाहिला (मी सगळं दोनदा पाहते), आणि पुढचं दार उघडते तर… माझ्या जागेवर एक माणूस! हातात चिप्स चुरलेला पराठा, घास तोंडातच अडकलेला.

“कुठे सोडू?” त्याने विचारलं.

“ही… ही माझी गाडी आहे.”

“असेलही. या गल्लीत अशा पंधरा पांढऱ्या आहेत. पण मागे जे वास मारणारे बूट पडलेत ना, ते माझे आहेत.”

मागून मिन्हाचा आवाज आला, “उम्मी, हा आपला नवीन ड्रायव्हर का?”

तो इतका हसला की त्याला ठसका लागला. मी मिन्हाला उचललं आणि जी पळाले…

चार दिवसांनी तोच माणूस आमच्या ऑफिसात हजर! हारिस. कोझिकोडचा, खेळाचा बातमीदार, आमच्या मल्याळी दैनिकात नवा. मी थलश्शेरीची, त्याच दैनिकात शुक्रवारच्या पुरवणीची पानं लावणारी. संपादकांनी त्याला एक सदर दिलं होतं. खेळाच्या माणसाला हे शहर कसं दिसतं, ते त्याने लिहायचं.

आणि काय लिहायचा तो! उन्हाळ्यात दुकानं उघडण्याआधी मॉलच्या थंड फरशीवर फेऱ्या मारणारे म्हातारे, त्यांच्यात कोण कुणाला मागे टाकतो याची मोजदाद. शुक्रवारी सकाळी वाळूच्या मैदानावरचं क्रिकेट, तिथे ज्याचा पाय मुरगळलाय तो पंच. उंटांच्या शर्यतीत उंटाच्या बाजूने गाडी हाकत, रेडिओवर ओरडून ओरडून घसा बसवणारे मालक. मी तेरा वर्षं इथे राहते, पण माझं शहर मला त्याच्या मजकुरात दिसायला लागलं.

दर मंगळवारी तो मजकूर द्यायला यायचा आणि माझ्या टेबलाच्या कडेवर टेकायचा.

“नज्ला, कात्री कुठे लावणार?”

“जिथे तुम्ही स्वतःवर खूश झालात, तिथे.”

“म्हणजे सगळंच जाणार की!”

माझं लग्न मोडून दोन वर्षं झाली होती. मिन्हाचा ताप, मिन्हाची शाळा, मिन्हा बाल्कनीकडे तर गेली नाही ना… माझ्या डोक्यात दुसरं काही शिरत नसे. आता मंगळवार शिरला होता.

मग आली उल्फा.

‘ट्युनिसची उल्फा बायकांना पोहायला शिकवते. जन्मभर समुद्राकाठी राहून पाण्यात पाय न बुडवलेल्या बायकांना. ती हसली की वाटतं, बुडायलाही हरकत नाही…’ आणि असंच पुढे. सहा ओळी.

बुडायलाही हरकत नाही?

बायकांच्या त्या तलावात पुरुषांना प्रवेश नसतो. मग हे हसू याने पाहिलं कुठे? आत नाही, म्हणजे बाहेर. बाहेर म्हणजे कॅफेटेरियात. कॅफेटेरियात म्हणजे समोरासमोर, एकेक चहा घेऊन… मी शेवटपर्यंत वाचलंच नाही. सहाही ओळी उडवल्या.

“जाहिरात आली ऐनवेळी,” मी सांगितलं. खोटं.

पुढच्या आठवड्यात पुन्हा उल्फा. आता तिचे ओले केस. उडवले. तिसऱ्या आठवड्यात तिचा आवाज ‘शिट्टीपेक्षा लांब जाणारा’. जाऊ दे लांब! उडवला. घरी आल्यावर आरशासमोर उभी राहून मी हसून पाहिलं. मिन्हा म्हणाली, “उम्मी, दात दुखतो का?”

चौथ्या मंगळवारी हारिस टेबलावर टेकला नाही. उभाच राहिला. हातात छापलेले तिन्ही अंक.

“एक विचारू? म्हाताऱ्यांची एकही ओळ तू कापली नाहीस. उंटांची नाही. फक्त उल्फा जाते. मी इतकं वाईट लिहितो का तिच्यावर?”

“जागा…”

“तिन्ही वेळा? शेवटच्या ओळीत तिच्या वर्गाची वेळ आणि फोन होता, नज्ला. बारा बायका जमल्या नाहीत तर तलाववाले तिची वेळ काढून घेणार आहेत. चारच जमल्यात. शनिवार शेवटचा. ती रोज मला विचारते, छापून आलं का…”

शेवटची ओळ. मी, दोनदा पट्टा ओढून पाहणारी, तिथपर्यंत पोहोचलेच नव्हते.

“जागा होती,” मी म्हणाले. “मला ती आवडली नाही.”

“तू तिला पाहिलंस कधी?”

“तुमच्या ओळींत पाहिलं. तेवढं पुरे झालं.”

त्याने अंक टेबलावर ठेवले आणि निघून गेला. आता हा माणूस माझ्याशी कामापुरतंच बोलणार, बहुतेक तेवढंही नाही, हे मला त्याच्या पाठीकडे बघूनच कळलं.

बुधवारी मी पान लावलं. तिन्ही आठवड्यांची उल्फा एकत्र केली. हसू, ओले केस, आवाज, काही सोडलं नाही. वर्गाची वेळ आणि फोन ठळक अक्षरांत, पानाच्या डोक्यावर. ‘बुडायलाही हरकत नाही’ ही ओळ लावताना बोट दोनदा अडलं. तरी लावली.

शनिवारी सकाळी मिन्हाला घेऊन मीही तलावावर गेले. मोजल्या. सतरा बायका! आणि उल्फा… तिने मला पाहिलं, हात पुढे केला आणि हसली. मी घाबरत, पायरी चाचपत, छातीभर पाण्यात कधी उतरले ते मलाच समजलं नाही. मिन्हा काठावरून ओरडत होती, “उम्मी, डोळे उघड!”

तासाभराने बाहेर आले. समोरच्या कॅफेटेरियात हारिस बसला होता. मला पाहून उठला.

“किती आल्या?”

“माझ्यासकट अठरा.”

त्याने डोळे मिटून श्वास सोडला. मग माझ्या ओल्या केसांकडे पाहिलं आणि लगेच दुसरीकडे. “आणि… कशी वाटली?”

“तुम्ही कमीच लिहिलं होतं.”

“अजून राग आहे वाटतं!”

“आहेच. तुम्ही तिथे बसता, चहा पिता, हसू बघता…”

“बघितलं. खोटं कशाला बोलू? छान हसते ती.” मिन्हाने त्याच्या बशीतला अख्खा सामोसा उचलला, त्याच्या लक्षातही आलं नाही. “पण लिहायला बसलो ना, की डोळ्यांसमोर तू येतेस. या शब्दाला भुवई उचलशील, इथे गालात हसशील… ते बुडण्याचं वाक्य मी चार वेळा घासलं. तुला आवडावं म्हणून. आणि तू तेच उडवलंस!”

माझे कान तापले. सावलीत असूनही तापले.

“यापुढे कुणाच्याही हसण्यावर दीड ओळीच्या वर लिहायचं नाही,” मी म्हणाले.

“आणि तुझ्यावर?”

“माझ्यावर एक अक्षरही नाही. साऱ्या शारजाने का वाचावं? माझं जे काही असेल ते… तोंडी सांगायचं.”

“आत्ता?”

“मिन्हाचा सामोसा संपायच्या आत.”

त्याने सांगितलं. सहा ओळींहून जास्तच भरलं असतं ते. इथे मात्र मी ते कापते आहे… जागा भरपूर आहे, तरी.