वरचे अठ्ठ्याऐंशी रुपये

"बाराशे चाळीस. हातचा एक विसरलात तुम्ही."

मी दचकून मागे वळले. ठठेरी बाजारातलं पितळेच्या भांड्यांचं दुकान, डिसेंबरचा कोहरा, म्हणजे इथलं धुकं, इतका दाट की समोरचा कचोरीवाला दिसत नव्हता, नुसता ऐकू येत होता... आणि त्यात कुणीतरी चक्क मराठीत माझी बेरीज तपासत होतं!

चूक माझीच. चौथीत असताना आम्ही नगरहून बनारसला आलो. शाळा हिंदीत झाली, मैत्रिणी हिंदीत, भांडणंसुद्धा हिंदीत. पण आकडे मी अजून मराठीतच मोजते, तेही बोटांवर आणि मोठ्यानं.

"अकराशे चाळीसच होतात," मी ठसक्यात म्हणाले. पहिल्याच वाक्याला हार कशाला मानायची?

"दोनशे ऐंशी, चारशे साठ आणि पाचशे?" कानटोपीखाली दोन हसरे डोळे होते, हातात डाग द्यायला आणलेलं एक जुनं ताम्हन. "करा बरं पुन्हा."

मी केली. बाराशे चाळीस. मेल्याचं बरोबर होतं.

"पण हा मेणबत्तीचा स्टँड पाचशेला कुणी सांगितला तुम्हाला?" असं म्हणत तो दुकानदाराकडे वळला. "का गुरु, ई केतना क हौ?"

"अरे पंडितजी, आपके जान-पहचान क हईं त तीन सौ दे दीं, बस."

दोनशे रुपये वाचले! मी स्टँड घट्ट धरला, न जाणो दुकानदाराचा विचार बदलायचा. बाहेर आल्यावर म्हटलं, "पण आपली कुठे ओळख आहे?"

"आता झाली की. बिंदुमाधव मोघे, दूधविनायक."

"मुक्ता साळवे, शिवपूर. एवढं मोठं नाव? हाक मारेपर्यंत माणूस गंगापार पोचेल."

"घरी माधव म्हणतात. तुम्हीही म्हणा... हाक मारायची वेळ आली तर."

ती वेळ मी पुढच्याच रविवारी आणली. काम होतं म्हणून. निदान मी स्वतःला तसं सांगितलं.

काम असं होतं. आम्ही ख्रिस्ती. नाताळ म्हणजे आमच्या घरी वर्षाचा सण, आणि माझे पप्पा, वासुदेव साळवे, म्हणजे सैल हाताचा राजा. दर नाताळात प्रत्येकाला भारी भेट, शेजाऱ्यांना केक, नातेवाइकांना कपडे. पण ऑक्टोबरमध्ये ते रेल्वेतून निवृत्त झाले आणि पेन्शनचे कागद अजून फिरतच होते. घरात होते ते आईच्या डोळ्यांच्या ऑपरेशनसाठी बाजूला काढलेले चाळीस हजार. दहा जानेवारीची तारीख ठरलेली. आईला आता माणसं आवाजावरून ओळखावी लागत होती. परवा तिनं चहात साखर म्हणून मीठ घातलं आणि स्वतःच हसली. मला मुळीच हसू आलं नाही.

तेवढ्यात नगरहून आनंदी आत्याचा फोन आला, यंदा नाताळला पाचही जणं येतो म्हणून. पप्पा लगेच म्हणाले, "ऑपरेशन मार्चमध्ये करू. पाहुण्यांसमोर हात आखडता घेणार का मी?"

"तीन हजारांत आठही जणांच्या भेटी मी आणून दाखवते," मी म्हणाले. "जमलं तर ऑपरेशन दहालाच. एक रुपया जरी वर गेला, तर तुम्ही म्हणाल तसं."

"लागली पैज!" पप्पांना पैज लावायला भारी आवडतं. माझा भाऊ रोहन वही घेऊन पंच झाला.

हे सगळं मी माधवला सांगितलं तेव्हा आम्ही एका लाकडी खेळण्यांच्या कारागिराच्या ओसरीवर उभे होतो. आत्याच्या नातीसाठी लाल-पिवळी चूल-बोळकी एकशे साठला मिळाली. माधव वडिलांबरोबर यजमानांकडे पूजा सांगायला जायचा आणि दुपारी मुलांना संस्कृत शिकवायचा, त्यामुळे गल्लीगल्लीत त्याला ओळखणारं कुणीतरी होतंच. ब्राह्मणाच्या पोरानं नाताळची खरेदी करावी याचं कारागिराला नवल वाटलं असावं, पण भाव त्यानं नीट लावला.

"आता मलइयो खाऊ," माधव म्हणाला. थंडीतला तो दुधाचा फेस, केशराचा, जिभेवर ठेवेपर्यंत विरणारा... माझा जीव त्यावर. तरी मी मान हलवली. "बजेटमध्ये नाही."

"हे माझ्या बजेटमध्ये."

"मग तुमचं उधार राहील."

"राहू दे ना," तो मातीचं कुल्हड माझ्या हातात देत म्हणाला. "त्या निमित्तानं तुम्ही याल तरी."

मी कुल्हडात तोंड खुपसलं. कान इतके तापले होते की थंडी कुठच्या कुठे गेली. मान वर केली तेव्हा तो माझ्याकडे बघून हसू दाबत होता. नाकाला फेस लागला होता. त्यानं रुमाल काढला, पुढे केला, मग घाबरून माझ्या हातातच दिला. बावळट! पुसला असता तर मी काही ओरडणार नव्हते.

असे तीन रविवार गेले. बावीस डिसेंबरला आठवी भेट घेतली आणि एकूण भरले दोन हजार नऊशे साठ. चाळीस रुपये शिल्लक, पण भेटी बांधायचा कागद राहिलाच होता.

"कागद कशाला?" माधव म्हणाला. "जुन्या साडीचे चौकोन आणा. पोथ्या बांधतो तशा बांधून देतो."

पंचगंगा घाटाच्या पायऱ्यांवर दुपारच्या कोवळ्या उन्हात आम्ही बसलो. आईच्या विटक्या जांभळ्या साडीचे आठ तुकडे. त्याची बोटं सराईतपणे कोपरे दुमडत होती, घडी घालत होती. मी बघत राहिले, मग बघतेय हे लक्षात आलं म्हणून उठले आणि चहा आणायला वर गेले. परत आले तेव्हा आठही गाठोडी बांधून तयार होती.

"पंचवीसला दुपारी जेवायला या ना," मी चहा देताना म्हणाले. एकदम. ठरवलं नव्हतं.

त्यानं शेवटच्या गाठोड्याची गाठ उगाच पुन्हा घट्ट केली. "कोण म्हणून येऊ?"

"म्हणजे... ओळखीचे."

"बरं," तो म्हणाला, आणि नदीकडे बघत चहा प्यायला. मला वाटलं, काहीतरी दुसरं म्हणायला हवं होतं. पण नावा निघून गेल्यावर घाटावर हात हलवण्यात काय अर्थ?

पंचवीस तारखेला चर्चमधून आलो, करंज्या-शेवेचा फराळ झाला आणि सगळे दिवाणखान्यात दाटीवाटीनं बसले. रोहननं वही उघडून जाहीर केलं, "दोन हजार नऊशे साठ. पावत्या तपासल्या आहेत." मी कॉलर ताठ केली. पप्पांनी तोंड पाडलं, पण लटकंच.

पहिलं गाठोडं आत्यानं सोडलं. स्टँड बघून ती खूश झाली, आणि मग तिच्या मांडीवर काहीतरी टपकन पडलं. एक सुपारी, दहाची नोट आणि रुपयाचं नाणं.

"अगं मुक्ता, ही सुपारी कशाला?"

मला काही कळेना. आत्याच्या यजमानांनी त्यांचं गाठोडं सोडलं. सुपारी, दहाची नोट, रुपया. रोहनच्यात तेच. पप्पांच्या मफलरमध्ये तेच.

"अकरा गुणिले आठ?" पप्पांच्या मिशा हलायला लागल्या.

"अठ्ठ्याऐंशी," रोहन म्हणाला. "एकूण तीन हजार अठ्ठेचाळीस. ताई, हरलीस तू."

मी आईकडे पाहिलं. ती नाणं बोटांनी चाचपत होती, एकाचं की दोनाचं ते ओळखायचा प्रयत्न करत होती.

तेवढ्यात बेल वाजली. दारात माधव. नवा स्वेटर, पेरूंची मोठी पिशवी, आणि चेहऱ्यावर घाबरं हसू. "सलाम," पप्पा आमच्या ख्रिस्ती रिवाजाप्रमाणे म्हणाले. "नमस्कार," तो म्हणाला, आणि त्याची नजर जमिनीवरच्या सुपाऱ्यांकडे गेली. हसू मावळलं.

"अरे देवा," तो पुटपुटला. "ते मी... दान दिलं की वर दक्षिणा ठेवायची, नाहीतर दान पुरं होत नाही, असं बाबांनी लहानपणापासून शिकवलंय. गाठ मारताना हातानं आपोआप ठेवलं. पैजेचं डोक्यातच आलं नाही हो! काका, माफ करा. मी परत घेतो."

"दिलेली दक्षिणा परत घेता येते?" आत्यानं विचारलं.

माधवनं खाली बघून मान हलवली. "नाही येत."

"थांबा जरा," आई म्हणाली. माझी आई, प्रेमला साळवे, डोळ्यांनी अधू असेल, हिशेबाला नाही. "ते पैसे आपल्या घरातले नाहीतच. बाहेरच्या माणसानं स्वतःच्या खिशातून घातले. ते मुक्ताच्या खर्चात कसे धरता?"

रोहनची पेन्सिल थांबली. पप्पांनी माधवकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग पुन्हा माधवकडे. पस्तीस वर्षं तिकिटं तपासलेला माणूस तो. त्याच्यापासून काय लपणार?

"बरोबर आहे," ते सावकाश म्हणाले. "बाहेरच्याचे असतील तर मुक्ता जिंकली. घरातल्याचे असतील तर हरली. आता तूच सांग मुक्ता. हा कोण?"

मी जमिनीवरची एक सुपारी उचलली.

"बाहेरचाच, काका," माधव घाईघाईनं म्हणाला. "एकदम बाहेरचा. दुकानात ओळख झाली, बस, तेवढंच."

तो पेरूंकडे बघत बोलत होता. त्याचे कान लालभडक झाले होते. साखर आणि मिठाची गोष्ट मी त्याला सांगितली होती ना... आईचे डोळे वाचावेत म्हणून हा शहाणा सगळ्यांसमोर स्वतःला माझ्यातून वजा करत होता! आणि मला फक्त गप्प बसायचं होतं. एवढंच केलं की जिंकले.

नाही जमलं. रडूच फुटलं.

"आई, मला माफ कर," मी म्हणाले. "तो बाहेरचा नाहीये. मला आवडतो तो. खूप आवडतो. पप्पा, हरले मी."

स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी झाली. कुणीही उठलं नाही.

"वेडी आहेस का तू?" माधव हळूच म्हणाला. पहिल्यांदाच 'तू' म्हणाला.

"आहे. आणि तू?"

"मी काल घरी सांगून बसलोय."

"काय? मला न विचारता?"

"तुला विचारायची हिंमत होत नव्हती. त्यापेक्षा बाबांना विचारणं सोपं वाटलं."

आत्या खुदकन हसली. मग तिनंच काळजीनं विचारलं, "काय म्हणाले रे ते?"

"रात्रभर काही बोलले नाहीत. सकाळी म्हणाले, जेवायला जातोयस तर रिकाम्या हातानं जाऊ नकोस. हे पेरू त्यांनीच निवडून दिले. आई मात्र..." त्याचा आवाज खाली गेला. "आई बोलत नाहीये माझ्याशी."

"बोलतील," माझी आई म्हणाली. "आईला वेळ लागतो. तू त्यांच्यासाठी पेरू नेत राहा."

पप्पा खाकरले.

"मुक्ता, हरलीस ना? म्हणजे आता मी म्हणेन तसं."

"हो," मी डोळे पुसत म्हणाले.

"ऑपरेशन दहा तारखेला. एक दिवससुद्धा पुढे नाही." त्यांनी मफलर गळ्याभोवती गुंडाळला, पुन्हा सोडला, पुन्हा गुंडाळला. "मला आपलं वाटायचं, कमी दिलं की माणसं कमी होतात. आज बघतोय तर बसायला जागा नाही घरात. ये रे, उभा का? रोहन, सरक तिकडे."

माधव सरळ आईपाशी गेला आणि वाकला. आईनं हातानं त्याचा चेहरा चाचपला, कपाळ, नाक, लाल झालेले कान.

"मला नुसता कोहरा दिसतोय बघ," ती म्हणाली. "दहा तारखेनंतर नीट बघेन तुला. तोवर मुक्तालाच विचारते. कसा आहे गं दिसायला?"

"बरा आहे," मी म्हणाले.

"असं नाही. नीट बघून सांग."

तीन रविवार मी त्याच्याकडे चोरून पाहिलं होतं. आता सगळ्या घरादेखत, आईच्या सांगण्यावरून, मी मान वर केली आणि माधवकडे पाहिलं. तो लाजला, पण त्यानं नजर हलवली नाही. मी आईच्या शेजारी बसले, तिचा हात हातात घेतला आणि सांगायला लागले.